पोरगा उतरला की नाही? गोष्टीचा शेवट समजून घेताना

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी आमच्या बेळगाव भागातली गावं हिवाळ्यात आपापली मराठी साहित्य संमेलनं भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी जेवण आणि जेवणानंतर कथाकथन. भरल्या पोटी मांडवात माणसं धरून ठेवणं ही कथा सांगणाऱ्याची खरी परीक्षा. गेल्या हिवाळ्यात अशाच एका गावात एका तरुण कथाकारानं ती चांगली दिली. शेवटच्या वाक्याला मात्र मांडव त्याच्यावर रुसला.

त्याची गोष्ट अशी. थोरल्या लेकाला शेत विकून लॉरी घ्यायची आहे, बाप नाही म्हणतो. शब्दाला शब्द लागतो आणि लेक तिन्हीसांजेला पिशवी उचलून निघतो. आई उंबऱ्यापर्यंत धावते. आतून बापाचा आवाज येतो, "लाव दार." वर्षं जातात. आई वाट बघत बघत जाते. तिच्या दिवसांनंतर म्हातारा रोज रात्री स्टँडवर जाऊन बसायला लागतो. वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणारी बस, येते, माणसं उतरतात, म्हातारा प्रत्येकाचं तोंड बघतो आणि घरी येतो. एका पावसाळी रात्री गाडी उशिरा येते. सगळे उतरतात. कंडक्टर आतला दिवा घालवतो आणि दाराला हात घालतो. म्हातारा पुढं होऊन म्हणतो, "जरा दार लावू नका."

एवढं बोलून कथाकार खाली बसला.

टाळ्या पडल्या नाहीत. मागून एका आजींनी विचारलं, "मी म्हणतो, पोरगा उतरला की नाही?" आणि पुढच्या रांगेतले एक काका उभे राहून म्हणाले, "आमचं सगळंच लटकलेलं हाय हो. निदान गोष्टीत तरी निकाल लावा की." मांडव हसला. काका हसले नाहीत.

मी संध्याकाळी गावातल्या वाचनालयात बसतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. एका वाचकानं कादंबरी परत करताना "शेवटची पानं फाटलीत, बघून घ्या" अशी तक्रार केली होती. मी पानं मोजली, सगळी जागेवर होती. गोष्ट तिथंच थांबत होती. मग शेवट म्हणजे नेमकं काय? तो कधी मनात घर करतो आणि कधी चिडवतो? त्या आजी आणि काकांना समोर ठेवून हे लिहितोय.

संपणं वेगळं, शेवट होणं वेगळं

शेगडीवर भात आहे. मध्येच सिलिंडर संपला तर आच विझते. भात शिजला म्हणून आपण बटण फिरवलं तरी आच विझतेच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण पहिल्या वेळी भात कच्चा राहतो आणि दुसऱ्या वेळी तो तयार असतो. गोष्टीचंही असंच आहे. पानं संपली म्हणून थांबलेली गोष्ट आणि शिजली म्हणून थांबलेली गोष्ट, यांतली दुसरीच शेवटापर्यंत पोचलेली असते.

अ‍ॅरिस्टॉटलनं ग्रीक नाटकांबद्दल लिहिताना शेवटाची साधी व्याख्या केली. ज्याच्या आधी काहीतरी असावंच लागतं, पण ज्याच्यानंतर काही यावंच असं उरत नाही, तो शेवट. आपल्याकडं भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे पाच टप्पे सांगितलेत. त्यांना संधी म्हणतात: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बाकीची नावं विसरलात तरी चालेल, 'निर्वहण' तेवढं लक्षात ठेवा. सुरुवातीला पेरलेलं बी आणि त्यातून ठिकठिकाणी उगवलेलं सगळं एका जागी आणणं, म्हणजे निर्वहण. खानापूर भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भात कापून शेतभर पसरलेला असतो, तो गोळा करून खळ्यावर आणतात आणि मळणी करतात. दाणा दिसतो तो तिथं.

आपल्या आज्या हे एका ओळीत सांगून गेल्या आहेत. श्रावणातल्या कहाणीच्या शेवटी त्या म्हणतात, "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." कहाणी 'संपली' असं कुणी म्हणत नाही. ती संपूर्ण होते, आणि तीही फळासकट.

आता म्हाताऱ्याच्या गोष्टीकडं या. बी कुठं पेरलंय? "लाव दार" या दोन शब्दांत. शेवटी काय आलं? "दार लावू नका." सुरुवातीला बापानं एक दार लावलं होतं आणि शेवटी दुसरं एक दार लावू नका म्हणून तोच विनवतोय. मधली सगळी वर्षं त्या दोन वाक्यांच्या मध्ये आहेत. माझ्या मते ही गोष्ट पुरती शिजलेली आहे. पण आजींना तसं वाटलं नाही, आणि त्यांचं का चुकतं म्हणायचं? त्यांचा मुद्दा पुढं घेतो.

शेवट बदला, गोष्ट बदलते

घरी आल्यावर मी वहीत एक खेळ करून बघितला. गोष्ट तीच ठेवली, फक्त शेवटची चार वाक्यं बदलली.

पहिल्या वेळी मी लेकाला गाडीतून उतरवलं. बापलेक गळ्यात पडले. वाचताना बरं वाटलं, पण मागं वळून बघितलं तर सगळी गोष्ट योगायोगाची झाली होती. म्हातारा रोज जायचा, एक दिवस नशीब उघडलं. आईचं मरण मधल्यामधे वाया गेलं, कारण ती आणखी थोडी थांबली असती तर तिलाही लेक भेटला असता, एवढंच उरलं.

दुसऱ्या वेळी म्हातारा स्टँडच्या बाकावरच गेला. आता तीच गोष्ट शिक्षेची झाली. ज्यानं दार लावलं त्याला फळ मिळालं, असं ती सांगायला लागली. मी असलं काही आधी लिहिलं नव्हतं, तरी आधीचं प्रत्येक वाक्य तसं बोलायला लागलं.

तिसऱ्या वेळी गाडीतून एक अनोळखी तरुण उतरला, म्हातारा त्याला घरी घेऊन गेला आणि जेवायला वाढलं. गोष्ट मायेची झाली. वाईट नव्हती, पण थोडी गोड झाली.

शेवटाबद्दल मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. शेवट म्हणजे फक्त सगळ्यात शेवटी घडलेली घटना असं आपण धरतो. खरं तर तो एक उंचवटा असतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून खाली बघितलं की आपण आलो ती वाट, मधली शेतं, सगळं एका नजरेत येतं. चालताना ते दिसत नव्हतं. आणि कुठल्या टेकडीवर उभं राहून बघता त्याप्रमाणं तीच वाट वेगळी दिसते.

हे आपल्याकडं फार पूर्वी कुणी तरी नेमकं पकडलंय. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचा मोठा साहित्यविचारक होऊन गेला. महाभारताचा मुख्य रस कोणता, असा प्रश्न त्यानं ध्वन्यालोक या ग्रंथात घेतला आहे. आपण पटकन वीररस म्हणू, एवढं युद्ध आहे. आनंदवर्धन म्हणतो, शांतरस. कारण तो शेवटाकडं बोट दाखवतो. यादव आपसांत लढून संपतात. जिंकलेले पांडव राज्य सोडून हिमालयाची वाट धरतात आणि एकेक करून पडतात. जिंकूनही मन विटतं, असा शेवट व्यासांनी मुद्दाम केला, आणि त्यामुळं आधीच्या सगळ्या पराक्रमाचा रंग बदलतो, असं त्याचं म्हणणं. त्यापुढं जाऊन बघा. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर तिथं दुर्योधन आसनावर बसलेला. हा एक प्रसंग वाचल्यावर अठरा दिवसांचं युद्ध पुन्हा पहिल्यासारखं वाचता येत नाही.

कानाला शेवट आधीच कळतो

चांगला शेवट अनपेक्षित असतो असं म्हणतात, ते निम्मंच खरं आहे. शेवटात काय येणार हे कळत नसलं तरी शेवट जवळ आलाय हे कळावं लागतं. पुस्तकात ते बोटांना कळतं, उजव्या हातातली पानं पातळ होत जातात. माझ्या वाचनालयातले जुने वाचक मोबाइलवर कादंबरी वाचायला नाखूश असतात त्याचं एक कारण मला हे वाटतं, तिथं बोटांना काही कळत नाही.

अभंगात 'तुका म्हणे' आलं की शेवटचं चरण आलं. कीर्तनात 'हेचि दान देगा देवा' सुरू झालं की मंडळी सावरून बसतात. गाण्याच्या बैठकीत भैरवी लागली की मैफल आता उठणार हे कुणी सांगत नाही. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी गाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं या भागात तबल्याची तिहाई न ऐकलेला माणूस विरळा. एकच तुकडा तीनदा वाजतो. पहिल्यांदा तो फक्त तुकडा असतो, दुसऱ्यांदा कान टवकारतात, आणि तिसऱ्यांदा तो नेमका समेवर येऊन पडतो तेव्हा आपली मान आपोआप हलते. यातली गंमत अशी की सम ही तालाची पहिली मात्रा असते. म्हणजे शेवट येऊन पोचतो तो सुरुवातीच्या जागी. म्हाताऱ्याचं 'दार' असंच समेवर आलं होतं. मांडवात काही माना हललेल्या मी बघितल्या, पण जेवणानंतरची वेळ होती आणि बऱ्याच जणांच्या कानावरून पहिलं "लाव दार" निसटून गेलं होतं. पहिली सम ऐकलीच नाही तर शेवटची कशी कळणार?

डोळ्यांत पाणी कशानं येतं?

दुःखाचा शेवट आहे म्हणून, हे सोपं उत्तर झालं. पण सुखाच्या शेवटालाही घसा दाटतो. लग्न लागतं, अक्षता पडतात, सगळे हसत असतात आणि वाचणाऱ्याचे डोळे भरतात.

मला याचं उत्तर माझ्या आजीच्या पोथीत सापडतं. चातुर्मासात ती पांडवप्रताप वाचायची. सोप्यात पाट, समोर समई, शेजारच्या दोघी-तिघी ऐकायला. तिचा एक नियम होता, वाईट ठिकाणी पोथी झाकायची नाही. अभिमन्यू पडला त्या रात्री पुढं बरं काही येईपर्यंत ती वाचत राहिली. समईतलं तेल संपत आलं तरी उठली नाही. आणि सगळी पोथी पूर्ण झाली त्या दिवशी शेवटची ओवी म्हणून ती लगेच थांबली नाही. पानं उलटून पहिल्या अध्यायाची पहिली ओवी म्हटली आणि मगच पोथी लाल फडक्यात बांधली. मी विचारलं, "आजी, परत कशाला?" ती म्हणाली, "त्यांना असं सोडून कसं उठायचं रे?"

शेवटाला आपल्याला त्या माणसांना सोडून उठावं लागतं. दोनशे पानं त्यांच्या घरात राहिलेलो असतो. लेखक आता दार ओढून घेणार आणि पुढं त्यांचं काय झालं ते आपल्याला कधीच कळणार नाही. खऱ्या आयुष्यात निरोप कधी शेवटचा होता हे बहुतेक वेळा नंतर कळतं. गोष्टीत तो शेवटचा आहे हे त्या क्षणालाच कळतं, म्हणून तिथं रडायला सवड मिळते. अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला होता की शोकांतिका बघताना मनातली करुणा आणि भीती वाहून जाऊन मन हलकं होतं. त्याला विरेचन म्हणतात. मला त्यापेक्षा आजीचं वाक्य जवळचं वाटतं.

आजीचा नियम तिच्या एकटीचा नव्हता. संस्कृत नाटकं भरतवाक्यानं, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशा मागण्यानं संपत, आणि रंगमंचावर मृत्यू दाखवणं टाळत. भासाच्या नावावर असलेल्या ऊरुभंगात मात्र मांड्या मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो. आयुष्यभर ज्याचा राग आला त्याच्यासाठी जीव कळवळतो, आणि हे एका शेवटानं होतं.

शेवट आठवणीवर किती राज्य करतो हे मानसशास्त्रज्ञांनीही तपासलंय. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या जादा वेळात पाणी साधारण एका अंशानं कोमट होत गेलं. यातलं कुठलं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचं, म्हणजे एकूण जास्त त्रासाचं निवडलं. त्याचा शेवट जरा बरा होता, तेवढंच मनात राहिलं. म्हणून एका वाईट शेवटानं चारशे पानांची कादंबरी मनातून उतरते, आणि साधारण कादंबरी एका चांगल्या शेवटानं वर्षानुवर्षं आठवते. हा थोडा अन्याय आहे हे मला मान्य आहे. मधल्या पानांतही लेखकाचं रक्त असतं.

"शेवट आधी कळला तर काय उरलं?"

वाचनालयातल्या रहस्यकथांच्या पहिल्या पानावर कुणीतरी बॉलपेननं खुन्याचं नाव लिहून ठेवतो. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण रहस्यकथेत 'कोण' हाच सगळा खेळ असतो.

पण बाकीच्या साहित्याचं तसं नाही. रावण मरणार हे माहीत असून रामायण ऐकतात. गोकाक बाजूला रात्रभर चालणारं कन्नड कृष्णपारिजात बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सत्यभामेचा तोरा उतरणार हे ठाऊक असतं. तो कसा उतरतो हे बघायला ती माणसं पहाटेपर्यंत बसतात. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगितला, तर त्यांना कथा उलट जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत निकाल वेगळेही आले, त्यामुळं हा नियम म्हणून धरू नये. पण दुसऱ्यांदा वाचताना जी गोष्ट जास्त दुखते ती मोठी, हे कुठल्याही जुन्या वाचकाला विचारा. "लाव दार" हे दोन शब्द मला आता नुसते ऐकवत नाहीत.

"पण निकाल नको का?"

आता काकांकडं. त्यांचा प्रश्न या मातीतला आहे. बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वाट बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना गोष्टीतही वाट बघायला लावलं तर ती माणसं चिडणारच. त्यांना अडाणी वाचक समजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

तरीही निकाल आणि शेवट एक नाहीत. कोर्टात कोण जिंकलं हे सांगणं म्हणजे निकाल. गोष्टीनं सुरुवातीला जो प्रश्न मनात पेरला त्याला उत्तर मिळणं म्हणजे शेवट. लेक येईल का, हा म्हाताऱ्याच्या गोष्टीतला वरचा प्रश्न. खालचा प्रश्न असा होता, की ज्या माणसानं "लाव दार" म्हटलं तो आपला शब्द मागं घेईल का? त्यानं तो परक्या कंडक्टरपुढं, भर पावसात मागं घेतला. खालच्या प्रश्नाचं उत्तर आलं.

प्रत्येक अर्धवट शेवट असा असतो असं मी म्हणत नाही. कित्येकदा लेखकालाच पुढचं सुचलेलं नसतं आणि तो 'वाचकांवर सोपवतो'. ओळखायची माझी रीत साधी आहे: शेवट वाचून झाल्यावर पहिलं पान पुन्हा उघडायचं. तिथं काही नवं दिसलं तर शेवट खरा. काहीच बदललं नाही तर सिलिंडर संपला होता.

निकालाशिवाय शेवट पूर्ण होऊ शकतो याचा सगळ्यात मोठा दाखला तर आपण शाळेपासून म्हणत आलोय. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाशी पसायदान येतं, नऊ ओव्यांचं. त्यानंतर कुठं, कधी, कुणी लिहिलं हे सांगणाऱ्या थोड्या ओव्या येतात, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. पसायदानातली क्रियापदं एकदा नुसती बोटानं धरत वाचा. खळांची व्यंकटी सांडो. मैत्र पडो. दुरिताचें तिमिर जावो. जो जें वांछील तो तें लाहो. सगळं मागणं आहे, यातलं काहीच अजून झालेलं नाही. शेवटच्या ओवीत विश्वेशराव म्हणतात, "हा होईल दानपसावो." होईल, म्हणजे पुढं कधीतरी. आणि लगेच पुढचे शब्द: "येणें वरें ज्ञानदेवो सुखिया जाला." जाला! मागणं, मग वचन, मग एकदम झालेलं. जगातला अंधार तिथल्या तिथंच आहे, खळ अजून खळच आहेत, आणि तरी मागणारा सुखी होऊन गेलाय. नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ त्या एका भूतकाळी क्रियापदावर येऊन टेकतो. यापुढं आणखी काही हवं असं वाटत नाही.

त्या दिवशी संमेलन संपताना सगळे उभे राहून पसायदान म्हणाले. खुर्च्या गोळा व्हायला लागल्या तेव्हा मी त्या काकांना गाठलं आणि यातलं थोडंसं, म्हणजे पहिलं दार आणि शेवटचं दार एवढंच, सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्ये बरोबर हाय. पन मी काय म्हंतो सर, कंडक्टरनं दार लावलं नसणार बगा. तो बी कुणाचा तरी ल्योक असणार की."